संकल्पाशिवाय दान नाही

वास्कोहून दिल्लीला जाणारी गोवा एक्सप्रेस भुसावळ सोडल्यावर महाराष्ट्राची हद्द ओलांडते आणि मग बुऱ्हाणपूर लागते. १६३१ साली मुमताजमहल याच गावी वारली आणि आग्र्याला नेण्यापूर्वी तिला तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत पुरले होते, एवढे आपण शाळेत वाचलेले असते. त्यापलीकडे बुऱ्हाणपूर म्हणजे पॉवरलूमची खडखड, केळीच्या बागा आणि मध्य प्रदेशात राहूनही घरात मराठी बोलणारी कुटुंबे. खानदेशातले रावेर तिथून हाकेच्या अंतरावर.

आज या गावाची आठवण काढायचे कारण मात्र वेगळे आहे. नैराश्याच्या आजारावर जे संशोधन चालते त्यात रुग्णाने भाग घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न बुऱ्हाणपुरात उभे राहून पाहिला तर फार स्पष्ट दिसतो. उत्तरेला इंदूर, मोठा आजार म्हटला की इथल्या माणसाला तेच आठवते. पूर्वेला मेळघाट ओलांडला की अमरावती. आणि याच रेल्वेमार्गाने पुढे गेले की भोपाळजवळचा सिहोर जिल्हा. या तिन्ही ठिकाणी गेल्या वीसेक वर्षांत मनाच्या आजारांच्या रुग्णांवर संशोधन झाले. एका ठिकाणची कहाणी मान खाली घालायला लावणारी आहे, दुसऱ्या दोन ठिकाणची समाधान देणारी. आणि सिहोरच्या कहाणीचे मूळ आपल्या गोव्यात आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

गोव्याबद्दल जगात काय काय छापून येते ते आपण जाणतो. समुद्र, कार्निव्हल, काजूची फेणी. पण नैराश्यावर गरीब देशांत उपचार कसे करावेत याचा विचार जगात जिथे जिथे होतो तिथे तिथे गोव्याचे नाव निघते. याला कारण १९९६ साली इथे सुरू झालेली 'संगत' ही संस्था, तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. विक्रम पटेल, आणि आपल्या इस्पितळांत व आरोग्य केंद्रांत रांगेत बसलेली हजारो साधी माणसे. डॉक्टरांची नावे पुस्तकांत आली. रांगेतल्या माणसांची नावे येत नाहीत, येऊही नयेत. पण त्यांनी काय दिले त्याची नोंद आपल्या बोलण्यात तरी असावी.

पहिल्यांदा २००३ची गोष्ट. त्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गोव्यातील दोन जिल्हा इस्पितळांत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. झोप नाही, अंग मोडून येते, कशात मन लागत नाही, अशी तक्रार घेऊन सामान्य बाह्यरुग्ण विभागात आलेली ४५० माणसे त्यात होती. आपल्याकडे 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत कोणी डॉक्टरकडे जात नाही. डोके दुखते म्हणतात, अशक्तपणा म्हणतात, फार तर 'टेन्शन' म्हणतात. मानसोपचाराचे इस्पितळ आल्तिनोवर होते तेव्हापासून त्याची पायरी चढणे म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत. तर या ४५० जणांचे तीन गट केले. एका गटाला फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे स्वस्त औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि तिसऱ्याला समुपदेशन.

कोण कोणत्या गटात जाणार हे ठरवले कसे? इथेच पुष्कळांना शंका येते. आपल्याकडे देवाला पाकळ्या लावून प्रसाद घेतात. कोणती पाकळी आधी पडणार हे भटजींच्या हातात नसते आणि यजमानाच्याही नसते. संशोधनातले गट साधारण तसेच पडतात, फक्त तिथे देवाची इच्छा नसते, नशिबाची चिठ्ठी असते. डॉक्टरला निवडू दिले तर तो बरे होण्यासारखे रुग्ण आपल्या आवडत्या औषधाकडे पाठवील, आणि मग औषधाचा गुण कोणता नि रुग्णाच्या मूळ प्रकृतीचा कोणता हे कधीच कळणार नाही. म्हणून निवड कोणाच्याच हाती ठेवत नाहीत.

आणि औषध नसलेली गोळी कशासाठी? ही लबाडी नव्हे का? हा प्रश्न गोवेकराने विचारावा हे गमतीचे आहे. पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसला जाऊन सांगितले, की संमोहन करणाऱ्याच्या अंगात कसलीही चुंबकशक्ती नसते. जे घडते ते समोरच्या माणसाच्या मनातून घडते. नैराश्यात हे फार खरे आहे. कोणीतरी आपले ऐकून घेतले, गोळी दिली, पुन्हा बोलावले, एवढ्यानेही बरीच माणसे सुधारतात, आणि काही काळाने आपोआपही सुधारतात. तेव्हा औषधाचा स्वतःचा वाटा किती, हे नुसत्या गोळीशी तुलना केल्याखेरीज समजणे शक्य नाही. मात्र 'तुम्हाला मिळणारी गोळी रिकामी असू शकेल' हे रुग्णाला आधी सांगितलेले असले पाहिजे. सांगितले तर तो प्रयोग, न सांगता केली तर फसवणूक.

त्या अभ्यासाचा निकाल काय लागला? दोन महिन्यांनंतर औषधाचा गुण रिकाम्या गोळीपेक्षा अधिक दिसला. समुपदेशनाचा दिसला नाही. संशोधकांच्या दृष्टीने हे कडू उत्तर होते, कारण गरीब देशांत डॉक्टर कमी आणि बोलून धीर देणारी माणसे पुष्कळ, म्हणून बोलण्याच्या उपचारावर मोठी भिस्त होती. पण कडू उत्तर लपवले गेले नाही. ते छापले गेले.

त्यानंतर 'मानस' नावाचा मोठा प्रकल्प झाला. २००७ ते २००९ या काळात गोव्यातील १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने त्यात होते, आणि रुग्ण होते २,७९६. निम्म्या ठिकाणी डॉक्टरच्या जोडीला एक आरोग्य समुपदेशक दिला. हा समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. इथलाच, थोड्या महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेला माणूस. आजाराला मोठे नाव न देता तो रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलायचा, गरजेप्रमाणे पुढच्या उपचाराची व्यवस्था करायचा. २०१० साली निकाल आला. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत या पद्धतीने ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते; जिथे नेहमीचेच उपचार होते तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही, दोन्हीकडे पासष्टच्या आसपास. म्हणजे जिथे आपला ओळखीचा फॅमिली डॉक्टर आहे तिथे समुपदेशकाने फारशी भर पडली नाही, आणि जिथे गरिबाला कोणी विचारत नाही तिथे त्याने मोठा फरक केला. असे मला तरी त्यातून दिसते.

मग 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'. आधीचे उत्तर नकारार्थी आले म्हणून बोलण्याच्या उपचाराचा नाद सोडला नाही, तो उपचार नव्याने घडवला. मन बरे झाले की कामाला लागेन असे म्हणत पडून राहणाऱ्या माणसाला उलट वाटेने न्यायचे: आधी एक छोटे काम, एक भेट, शेजारच्या देवळापर्यंत एक फेरी, आणि मन मागून येते का ते पाहायचे. सहा ते आठ बैठका. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ या काळात तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण सहभागी झाले. ज्यांच्या वाट्याला हा उपचार आला नाही त्यांनाही वाऱ्यावर सोडले नव्हते. त्यांच्या आजाराची माहिती आणि मार्गदर्शक सूचना केंद्राच्या डॉक्टरला दिल्या होत्या. तीन महिन्यांनी पहिल्या गटात ६४ टक्के आजारातून बाहेर आले, दुसऱ्यात ३९ टक्के. हाच उपचार पुढे सिहोर जिल्ह्यातल्या आशा कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम सुरू झाले. म्हणजे म्हापसा-मडगावकडच्या रुग्णांनी तपासून दिलेली गोष्ट बुऱ्हाणपूरवरून पुढे गेली म्हणायची.

अमरावतीकडचा प्रयोग वेगळ्या धर्तीचा. शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ गाजत असताना तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी १०० मागे चार-पाच माणसे कुठेतरी उपचाराला पोचत होती. दीड वर्षाने हे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे मोजता आले, कारण गावातल्या लोकांनी दारात आलेल्या अनोळखी माणसाला आपल्या झोपेबद्दल, भुकेबद्दल आणि मरणाच्या विचारांबद्दल खरे सांगितले. हेही देणेच आहे.

आता इंदूर. २०१० पासून तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी संबंधित डॉक्टरांनी औषध कंपन्यांसाठी केलेल्या चाचण्यांचा मामला गाजू लागला. ज्यांच्यावर चाचण्या झाल्या त्यांत लहान मुले होती आणि मानसिक रुग्णही होते. आपण चाचणीत आहोत हे आपल्याला कळलेच नाही, आपण उपचार घेतोय असे वाटत होते, अशी अनेक कुटुंबांची तक्रार होती. डॉ. आनंद राय यांच्यासारख्या डॉक्टरांनी आणि 'स्वास्थ्य अधिकार मंच' या संघटनेने हा प्रश्न लावून धरला. २०१२च्या सुरुवातीला मध्य प्रदेश सरकारने १२ डॉक्टरांना दंड केला. दंड किती? प्रत्येकी ५,००० रुपये, तोही मागितलेली माहिती दिली नाही म्हणून. मंचाने सर्वोच्च न्यायालय गाठले. २००५ ते २०१२ या काळात देशात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ माणसे दगावली, आणि त्यांतील ८० मृत्यू चाचणीमुळे झाले, असे आकडे न्यायालयासमोर आले. चाचणी चालू असताना आलेला प्रत्येक मृत्यू चाचणीमुळेच असतो असे नाही, आजारही मारतो; पण ८० हा आकडाही थोडा नाही. त्याच वर्षी, म्हणजे २०१३ साली, नियम कडक होऊ लागले.

इंदूरची बातमी वाचलेला बुऱ्हाणपूरचा माणूस उद्या सरकारी दवाखान्यात कोणी कागद घेऊन आले तर काय म्हणेल? 'आम्ही काय उंदीर आहोत?' असेच म्हणेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. पण सगळ्यांनीच तसे म्हटले तर काय होईल, याचाही विचार केला पाहिजे. मग आपल्या लोकांना परदेशातल्या माणसांवर तपासलेले उपचार अंदाजाने दिले जातील. एकत्र कुटुंबातली सून, रोजंदारीवरचा माग कामगार, मुलगाच हवा म्हणणाऱ्या घरात मुलगी झालेली बाळंतीण, यांच्या दुःखाची तिथे कोणाला कल्पना असणार? गोव्यातल्याच एका अभ्यासात, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, २७० गरोदर बायकांची बाळंतपणानंतर विचारपूस केली तेव्हा त्यांतील २३ टक्क्यांना नैराश्य असल्याचे आढळले, आणि गरिबी, नवऱ्याचा छळ व मुलगी जन्मल्याचा सल यांचा त्याच्याशी संबंध दिसला. हे परदेशी पुस्तकातून कळले नसते. त्या बायकांनी सांगितले म्हणून कळले.

तेव्हा माझे मत असे, की संशोधनात भाग घेणे हे दान आहे आणि त्याला दानाचेच नियम लावावेत. आपल्याकडे दान देताना संकल्प सोडतात. हातात पाणी घेऊन मी कोण, कुठे आहे, आज कोणती तिथी, काय देतो आणि कशासाठी, हे मोठ्याने म्हणायचे. संकल्पाशिवाय हातून गेली ती वस्तू हरवली म्हणायची, किंवा चोरीला गेली. गोवा आणि इंदूर यांतला फरक मला एवढाच दिसतो. दोन्हीकडे रुग्ण गरीब होते आणि डॉक्टर शिकलेले होते. एकीकडे विचारून घेतले. दुसरीकडे न विचारता घेतल्याच्या तक्रारी अजून कानांत आहेत.

नैराश्याच्या बाबतीत या संकल्पाला एक जास्तीची अडचण आहे. हा आजार माणसाची स्वतःबद्दलची किंमतच कमी करतो. 'माझे काय व्हायचे राहिले आहे, करा काय करायचे ते' असे म्हणून तो कोणत्याही कागदावर सही करील. तो होकार आजाराने दिलेला असतो. उलट काही घरांत बाईला विचारतच नाहीत. नवरा किंवा सासू परस्पर हो-नाही सांगून मोकळी होतात. म्हणून एकदा घेतलेली सही पुरेशी धरू नये. दर भेटीत पुन्हा विचारावे, रुग्णाला एकट्याला विचारावे, आणि मधेच सोडून जायचे तर तेवढ्याच आदराने जाऊ द्यावे. मानसिक आजार असलेल्या कोणावरही संशोधन करताना त्याची मोकळी आणि समजून दिलेली संमती हवी, मग ते संशोधन औषधाचे असो की नुसत्या मुलाखतीचे, असे २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९९ सांगते. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि चाचणीमुळे झालेल्या इजेची भरपाई, हे २०१९च्या नियमांत आहे. कायदा आहे. तो दवाखान्याच्या बाकापर्यंत पोचला आहे का, हा प्रश्न वेगळा.

आणि भाषा. बुऱ्हाणपुरात कागद हिंदीत येणार. दवाखान्यात हिंदी सगळ्यांना समजते, पण जिवाची घालमेल तिथली मराठी बाई हिंदीत सांगेल का? आपल्याकडे पेडण्याची, सत्तरीची बाई आपले दुखणे इंग्रजीत सांगू शकेल का? संमतीचा कागद ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत असावा, आणि वाचता येत नसेल त्याला तो कोणीतरी बसून वाचून दाखवावा. गोव्यात काम जमले याचे एक कारण माझ्या मते हेच, की बोलणारी माणसे इथली होती.

कोणी विचारायला आलेच तर बुऱ्हाणपूरच्या किंवा बार्देशच्या माणसाने काय विचारावे? हा उपचार आहे की अभ्यास, की दोन्ही? माझ्या वाट्याला रिकामी गोळी किंवा नेहमीचाच उपचार येऊ शकतो का? सध्या चालू असलेले औषध बंद करावे लागेल का? माझी तब्येत बिघडली, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले, तर रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? मी नाही म्हटले तर इथला माझा उपचार थांबेल का? माझ्या घरी कोणी येणार असेल तर वाड्यावर काय सांगायचे? बुडालेल्या रोजंदारीचे आणि गाडीभाड्याचे काय? नीतिसमितीची मंजुरी आहे का, आणि औषधाची चाचणी असेल तर देशाच्या नोंदणीत तिचा क्रमांक काय? २००७ साली सुरू झालेली ही नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर होकार द्यायला हरकत नाही. विचारणारा घाई करू लागला, चिडला किंवा 'तुम्हाला नाही समजायचे' म्हणाला, तर उठून यावे. आणि हेही लक्षात ठेवावे, की बरे होण्यासाठी अभ्यासात जावेच लागते असे नाही. मन फारच बुडाले असेल तर कोणाची वाट न पाहता १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा, तिथे मराठीतही बोलता येते.

आता घेणाऱ्याच्या कर्तव्याबद्दल. दान घेणाऱ्याने ते कुठे खर्च केले हे सांगायचे असते. देवळाच्या जीर्णोद्धाराला १०० रुपये दिले तरी आपले नाव फळ्यावर लागते. ज्या आरोग्य केंद्रांत हे अभ्यास झाले तिथे नावे नकोत, पण मराठीत आणि कोंकणीत चार ओळींचा फलक तरी असावा: या केंद्रात आलेल्या इतक्या लोकांनी अमुक साली एका अभ्यासात भाग घेतला, त्यातून अमुक कळले, आणि त्यामुळे आज इथे अमुक उपचार मिळतो. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. जो उपचार गोव्याच्या लोकांनी तपासून दिला तो गोव्याच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात कायमचा मिळाला पाहिजे. अभ्यास संपला की समुपदेशकही गेला, असे होऊ नये.

त्या फलकावर २००३च्या ४५० जणांचीही एक ओळ असावी. त्यांच्यापैकी तिसरा हिस्सा लोकांच्या वाट्याला रिकामी गोळी आली, आणखी तितक्यांच्या वाट्याला ज्याचा वेगळा गुण दिसला नाही असे समुपदेशन. पण काय चालत नाही हे त्यांनी सांगितले नसते, तर पुढे चालणारी गोष्ट शोधायची गरज कोणाला वाटली नसती.